पुतळीमावशीची राखणदारीण

माझ्या पुतळीमावशीचं जगात कुणाशी पटलं नाही, आणि पटावं म्हणून तिनं कधी बोटही हलवलं नाही. बसचा कंडक्टर, बाजारात कंद दाबून बघणारी गिऱ्हाइकं, शेजाऱ्याची कोंबडी, स्वतःच्या गोठ्यातली गाय, सगळ्यांशी ती एकाच आवाजात बोलते. नवीन माणूस तो आवाज ऐकून दचकतो. जुना माणूस कूस बदलून परत झोपतो. मी तिच्या बहिणीची मुलगी, रेश्मा. रामनगरात माझ्या नवऱ्याचं किराणा दुकान आहे. मावशीचा तापटपणा माझ्यात उतरलाय असं सासरचे म्हणतात. उतरला असेल. ही हकीकत सांगताना तो लपवायचा माझा विचार नाही.

माझी आई आणि मावशी, दोघी जुन्या सुप्याच्या. सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याच सुमाराला आईचं लग्न रामनगरात झालं आणि मावशीला कुंभारवाड्याच्या पुढं रानातल्या एका वाडीत दिलं. आजही गणेशगुडीकडं जायचं झालं की धरणाच्या भिंतीकडं तोंड करून ती थुंकते. "माझं म्हायेर गिळून कसं गप बसलंय बघ," म्हणते. खाली नदीत होड्या घालून किंचाळणारी शहरातली माणसं तिच्या लेखी नाहीतच.

तिचा नवरा लाडूकाका इतका अबोल की मावशीचं तोंड हे देवानं दोघांत मिळून एकच दिलं असावं. काकाकडं वाडीतलं एक मानाचं काम होतं. वाघानं कुणाचं जनावर मारलं की काका तिथं जायचा, मेलेल्या जनावरावर हिरवी ढाळी ठेवायचा आणि मागं न बघता परत यायचा. ढाळी म्हणजे झाडाची पानांसकट तोडलेली फांदी. ती ठेवली की ते जनावर वाघाचं. मग मालकानं कातड्यासाठी यायचं नाही, कुणी हात लावायचा नाही. आमच्याकडं पट्ट्यांचा असो की ठिपक्यांचा, सगळा वाघच. काका तापानं गेला तेव्हा हे काम कोण करणार असा प्रश्न आला. काकाचा चुलतभाऊ परशुराम पुढं सरसावला. मावशी त्याच्याही पुढं जाऊन उभी राहिली.

"बायमाणसानं ढाळी ठेवायची?" परशुराम म्हणाला होता.

"वाघीण बायमाणूस न्हाई व्हय रे?" मावशी म्हणाली होती. "तिला चालतंय. तुला काय हुतंय?"

तेव्हापासून दोघांचं वाकडं. परशुराम वाडीत सगळ्यात जास्त गुरं बाळगून. गडी कष्टाळू, हे मला कबूल करावं लागतं, पण मनात धरून ठेवणारा. मावशी समोर आली की तो वाट बदलायचा, आणि वाट एकच असली की आभाळाकडं बघत चालायचा.

मावशीचं पोट भरतं ते मुडलीवर. मुडली म्हणजे आमच्या जोयड्याकडचा कंद, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, शिजवला की लोण्यासारखा मऊ. मावशीची कंदाची जागा रानाला लागून, एका उंच दरडीच्या पायथ्याशी आहे. अशा जागेत रानडुकरांनी एक कंद ठेवता कामा नये. वाडीतल्या बाकीच्यांच्या जागेत डुकरं नांगर फिरवल्यासारखी माती उलथून जात. मावशीच्या जागेत मात्र ती शिरत नसत, कारण दरडीवरच्या कपारीत एक बिबटीण राहायची. तिचा वास असेल, धाक असेल, किंवा डुकरांची पिल्लं ती उचलत असेल, ते मला सांगता यायचं नाही. मावशी तिला राखणदारीण म्हणायची. प्रेमानं नव्हे. मावशीनं प्रेमानं कुणाला काही म्हटल्याचं मला आठवत नाही. कामाला लावलेल्या गड्याबद्दल बोलावं तसं ती बोलायची. "आळशी हाय, पर कामाला चोख हाय."

ही राखणदारीण अधूनमधून वाडीतलं एखादं कुत्रं आणि परशुरामाचं एखादं वासरू न्यायची. मावशीची गाय गोठ्यात बांधलेली. परशुरामाची गुरं रानात मोकळी. झालं, भांडणाला आणखी काय लागतं?

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला मी चार दिवस मावशीकडं राहायला गेले होते. त्याच आठवड्यात जंगलखात्याचा गार्ड दत्तप्रसाद वाडीत सभा घ्यायला आला. भला मुलगा. शाळेच्या भिंतीला त्यानं एक मोठं चित्र लावलं. खाली गवत, मग हरणं, त्यांच्यावर झेप घेणारा चित्ता, कडेला गिधाडं आणि कोल्हे, आणि सगळ्यांना जोडणारे बाण.

मावशी उठून चित्राजवळ गेली. "ही आमची न्हवं. हिच्या डोळ्यांतनं काजळ वघळलंय. रडत हुती काय?"

"अक्का, हा चित्ता," दत्तप्रसाद म्हणाला. "आपल्या देशातला आजोबांच्या काळातच संपला. आता आफ्रिकेतनं आणून मध्य प्रदेशात सोडलाय. स्वल्प बसा, सांगतो."

त्यानं समजेल असं सांगितलं. गवत हरीण खातं, हरणाला चित्ता खातो. तो घाईघाईनं पोट भरतो आणि निघून जातो, सहसा शिकारीकडं परत येत नाही. उरलेलं कोल्ह्यांना, गिधाडांना, जे कुणी वासावर येईल त्याला. एक जनावर मेलं की कितीजणांची पानं मांडली जातात. आणि चित्ताच नसला तर हरणं वाढतात, गवत संपतं, मग हरणंही मरतात. "आपल्याकडं चित्ता कधी नव्हताच, त्याला मोकळं माळरान लागतं," तो म्हणाला. "पण इथं बिबट्या हाय. काम तेच. डुकरं, माकडं, भेकरं आवाक्यात ठेवायची."

मागून परशुरामाचा आवाज आला. "ह्या चित्रात माझं वासरू कुठं हाय?"

लोक हसले. दत्तप्रसादही हसला.

"वासरू कशाला पायजे चित्रात?" मावशी वळून म्हणाली. "डुक्कर दाव म्हणावं. वाघीण हाय म्हणून डुक्कर न्हाई, डुक्कर न्हाई म्हणून माझी मुडली हाय, मुडली हाय म्हणून मी हाय. बाण काढायचं तर असं काढ."

"आनि ती वाघीण कशावर जगती वैनी?" परशुराम उभा राहिला. "माझ्या वासरांवर. म्हंजी राखण तुमची आनि राखणदाराचा पगार माझ्या गोठ्यातनं. व्हय का न्हाई?"

खरं सांगायचं तर माणूस चुकीचं बोलला नव्हता. मावशीच्या जागी दुसरी कुणी असती तर दोन शब्द मऊ बोलली असती. मावशी म्हणाली, "मग गुरं बांधून घाल की. आळशी माणसाची वासरं वाघानं न खाऊन करावं काय?"

परशुरामाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो चित्राकडं बोट करून म्हणाला, "असली चित्रं होडीवाल्या गिऱ्हाइकांना दावा गणेशगुडीला. आमाला नको." आणि निघून गेला. दत्तप्रसादनं चित्राची गुंडाळी केली. मला त्या पोराची दया आली, मावशीची अजिबात आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परशुरामाची कालवड मारलेली सापडली. दरडीच्या वरच्या अंगाला, झुडपांत ओढून नेलेली. पहिल्या वेताला आलेली, त्याच्या बायकोनं, फुलानं, हातानं वाढवलेली कालवड. फुला दारात बसून मोठ्यानं रडत होती. दत्तप्रसाद येऊन पाहणी करून गेला, फोटो काढून गेला, सरकारकडनं भरपाई मिळेल म्हणाला. मग रिवाजाप्रमाणे मावशीला बोलावणं आलं. परशुराम स्वतः आला नाही, पुतण्याकरवी निरोप धाडला.

मावशीनं ऐनाची फांदी तोडली आणि वर गेली. मी तिच्याबरोबर होते. कालवडीच्या मागच्या मांड्या तेवढ्या खाल्ल्या होत्या. बिबटीण सांजच्याला परत येणार हे कुणालाही कळलं असतं, तिची सवय चित्त्यासारखी नाही, ती शिकारीला धरून राहते. मावशीनं कालवडीच्या मानेवर फांदी ठेवली. तोंडानं काही पुटपुटली. परशुराम थोड्या अंतरावर हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं मला वाटलं होतं. पण तो शांत होता, आणि ती शांतता मला तेव्हाही आवडली नव्हती. मागं न बघता आम्ही खाली आलो.

परशुरामानं नंतर जे केलं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. ढाळी ठेवलेल्या जनावराकडं वाडीतलं कुणी फिरकत नाही. शोधायला कुणी येत नाही, बघायला कुणी येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो रिवाज त्यानं आडोसा म्हणून वापरला. आम्ही उतरून आलो तसा तो मागं थांबला, ढाळी बाजूला केली, कालवडीच्या मांसात किडीचं औषध भरलं, आणि ढाळी परत होती तशी ठेवली. ह्या एका गोष्टीसाठी मी त्याला आजही माफ केलेलं नाही. राग मी समजू शकते. वाघ मारायची इच्छाही समजू शकते. पण ढाळी परत जागेवर ठेवणारा हात मला समजत नाही.

पुढच्या सकाळी मावशी कंदाच्या जागेकडं गेली आणि तिची हाक सगळ्या वाडीनं ऐकली. दरडीच्या पायथ्याशी, तिच्या जागेच्या बांधावर, एक भला मोठा डुक्कर मरून पडला होता. मान मोडलेली, अंग खरचटलेलं. शेजारचा कान्हू कोयता घेऊन धावत आला. त्यानं डुकराला उलटंपालटं करून बघितलं.

"अक्का, दातांची खूण कुठं दिसत न्हाई," तो म्हणाला.

"खूण कशी दिसंल? वाघिणीनं वरनं हुसकला, दरडीवरनं पडला. अशी जनावरं पडतात, तुझ्या बापानं बघितल्यात." मावशीची छाती अभिमानानं भरून आली होती. "बघा रे! परवा परशानं इचारलं न्हवं पगाराचं? हे बघा काम! माझ्या बांधावर आणून टाकलाय."

दरडीवरून हुसकलेली जनावरं पडतात हे खरंच. वाडीतल्या जुन्या माणसांनी असली भेकरं उचलून आणलेली आहेत. आणि मावशी इतकी खूश मी आयुष्यात पाहिली नव्हती. सभेत आपण बरोबर होतो हे सिद्ध करायला डुक्कर स्वतः येऊन पडलाय असं तिला वाटत होतं. त्या खुशीत तिला डुकराच्या तोंडाचा वाळलेला फेस दिसला नाही. मलाही दिसला नाही, पण मी किराणा दुकानवाली. तिनं बघायला हवा होता.

रानडुकराचं मांस खाणं कायद्यात बसत नाही हे वाडीत सगळ्यांना माहीत. म्हणून कान्हूच्या मागच्या अंगणात, दार लोटून, वाटे घातले. वाघानं पाडलेल्या शिकारीचा पहिला वाटा, काळजासकट, ज्या घरचं जनावर वाघानं नेलंय त्या घरात जातो. हाही तिथला रिवाज. कुणाशी बोलणं असो नसो, तो वाटा ढाळी ठेवणाऱ्यानं स्वतः नेऊन द्यायचा. मावशीनं तो केळीच्या पानात बांधला आणि परशुरामाच्या पायरीवर नेऊन ठेवला. परशुराम घरात नव्हता. फुलानं डोळे पुसून तो आत घेतला. मावशी परत येताना म्हणाली, "सभेत बोलला ते बोलला. आता तोंड बंद हुईल." तिच्या परीनं ती गोड बोलत होती.

बाकीचे वाटे घरोघर गेले. चुली पेटल्या. आमच्याही चुलीवर भांडं चढलं, मी मसाला वाटायला बसले.

तेवढ्यात फुला धावत आली. हातात तेच केळीचं पान, तसंच बांधलेलं. तिनं ते अंगणात ठेवलं आणि धापा टाकत उभी राहिली.

"वाटा परत?" मावशीचा आवाज चढला. "माझ्या हातचा वाटा परत? अगं ह्या वाडीत कुणी वैऱ्याचा वाटा परत केला न्हाई! कुणी सांगितलं? त्यानं? इतका माज आलाय त्याला? माझ्या नवऱ्याच्या हातचं खाऊन वाढला तो, आनि..."

"अक्का, मी न्हाई," फुला रडायला लागली. "ते शेतातनं आलं, मांस बघितलं, कुठलं म्हणून इचारलं. मी सांगितलं. तर पांढरं फटक पडलं. खाऊ नको म्हणालं. पोरांना शिवू दिऊ नको म्हणालं. का म्हणून इचारलं तर बोलत न्हाईत. आत जाऊन बसल्यात. मला भ्या वाटाया लागलंय अक्का."

मावशीचं तोंड शिवीच्या मध्यावर थांबलं. मी तिला कधी अशी थांबलेली पाहिली नव्हती. ती पानाकडं बघत राहिली, मग दरडीकडं बघितलं, मग परत पानाकडं.

"ढाळी घातलेल्या जनावराला हात लावला," ती म्हणाली. अगदी हळू. मग तिनं आमच्या चुलीवरचं भांडं उचललं, उकळतं होतं, हात भाजले, तसंच गटारात उपडं केलं, आणि पळाली.

साठीला टेकलेली बाई अशी पळते हे मी त्या दिवशी बघितलं. घरोघर शिरली. चुलीवरची भांडी लाथेनं पाडली, ताटं हिसकावली. "थुका! इख हाय! थुका!" एवढंच ओरडत होती. लोकांना वाटलं, हिला अखेर वेड लागलं. कान्हूच्या घरात ताटं वाढून झाली होती. कान्हूच्या म्हाताऱ्या आईनं घास उचलला होता. मावशीनं तिच्या हातावर फटका मारून तो पाडला आणि रश्शाचं भांडं अंगणात भिरकावलं. म्हातारीनं तिच्या सात पिढ्या काढल्या. कान्हू अंगावर धावून आला. मी मध्ये पडले, त्याच्या धक्क्यानं भिंतीवर आपटले. आणि तेवढ्यात कान्हूच्या कुत्र्यानं अंगणात सांडलेलं मांस खाल्लं.

आम्ही भांडतच होतो. कुत्रं थरथरायला लागलं, पाय ताठ झाले, तोंडातून फेस आला. कुत्रं अंगणातच मेलं. म्हातारी आपल्या उष्ट्या हाताकडं बघत बसली. मग कुणी काही न ठरवता सगळी वाडी परशुरामाच्या दाराशी गेली.

मला चीड आली ती ह्या गोष्टीची, आणि ती मी त्याच्या तोंडावर बोलले. "स्वतःचा वाटा परत केलास ना? स्वतःच्या पोरांना शिवू दिलं नाहीस. मग शेजाऱ्यांच्या चुली पेटलेल्या तुला दिसत नव्हत्या? दारात येऊन एक हाक मारली असतीस तर जीभ झडली असती?"

तो कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. "सांगितलं असतं तर सगळं कळलं असतं," तो म्हणाला. "मला वाटलं, थोडं खाल्लं तर काय हुत नसंल."

"डुक्कर कसं मेलं रे?" कान्हूनं विचारलं.

"मला काय म्हाईत डुक्कर खाईल ते! वाघिणीसाठी घातलं हुतं. डुक्कर मेलेलं खातं हे ध्येनातच आलं न्हाई." मग एकदम मावशीकडं बघून किंचाळला. "तू गं! तुझ्या कंदापायी हे सगळं! माझी कालवड ग्येली, तुला हाय त्याचं काय?" वहिनीला अगंतुगं त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच केलं.

कान्हूनं त्याला मारायला हात उगारला. मावशीनं तो धरला. "मारू नको," ती म्हणाली. "आधी वर जाऊन बघू."

बिबटीण ओढ्यापाशी सापडली, पाणी प्यायला उतरली असावी. तिचं तोंड पाण्यात होतं. वरती कालवडीजवळ दोन कोल्हे आणि डुकराची पिल्लं मेलेली होती. दत्तप्रसादच्या चित्रात बाण होते, तशीच सगळी जनावरं एकामागून एक ओळीनं पडली होती. मावशी बिबटिणीपाशी बसली नाही, तिला हात लावला नाही. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "ग्येली माझी राखण." आणि मग तोंडात पदर कोंबून रडली. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं मला ढकलून दिलं.

खात्याची माणसं आली. साहेब आला, डॉक्टर आला, बिबटिणीला कापून तपासलं, जाळलं. मग चौकशी सुरू झाली. असल्या गुन्ह्याला तुरुंग आहे, वर्षानुवर्षांचा. वाडीतला प्रत्येकजण म्हणाला, आम्हाला काय माहीत. कान्हूसुद्धा. कारण डुकराचं मांस सगळ्यांच्या चुलीवर चढलं होतं. राहिली मावशी. परशुरामाचा जीव तिच्या जिभेवर टांगलेला होता, आणि ती जीभ काय आहे हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. दत्तप्रसादनं तिला अदबीनं विचारलं, "अक्का, तुम्हाला कुणाचा संशय?" परशुराम गर्दीत मागं उभा होता. त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता आणि तो दिसतोय याचा मला आनंद होत होता.

"मला काय म्हाईत," मावशी म्हणाली. "मी बायमाणूस."

घरी आल्यावर मी तिच्यावर तोंड सोडलं. "आयुष्यभर कुणाला सोडलं नाहीस, आणि ह्याला सोडलंस? मी जाते, मी सांगते साहेबाला!"

"गप बस," मावशी म्हणाली. "सोडलाय कोण म्हणतंय?"

ती उठून थेट परशुरामाच्या घरी गेली. मी मागोमाग. तो तिला बघून उठला, पाया पडायला वाकला. फुलानंही हात जोडले.

"पाया पडू नको," मावशी म्हणाली. "तुला तुरुंगात घातला तर फुकट बसून खाशील. मला काय त्याचं? माझी मुडली जमिनीत हाय. डुकरं उद्या वास घेत येतील. आजपर्यंत तिनं हाकली, आता तू हाक. दरडीखाली माळा घाल, वर बस. रोज."

"वैनी, शेत कोण बघंल? गुरं?"

"वाघीण म्हणाली हुती काय कधी, माझी पिल्लं कोण बघंल म्हणून?"

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"दुसरी येईपर्यंत," मावशी म्हणाली.

आणि ती खरंच हटली नाही. परशुरामानं चार खांबांवर माळा घातला. अंधार पडला की तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन तो वर चढतो. डुकरं तरीही येतात. एका बाजूनं डबा वाजला की दुसऱ्या बाजूनं शिरतात. वास नाही, धाक नाही, नुसता आवाज. त्यांना काय कळत नाही? सकाळी मावशी बांधावरून फिरते, उलथलेली माती बघते आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याचा हिशेब करते. "तिच्या शेपटीची सर न्हाई तुला," म्हणते. वाडीतल्या कुणालाही त्याची दया येत नाही. कान्हूची आई तर मुद्दाम त्या वाटेनं जाते. आता डुकरं परशुरामाच्या स्वतःच्या भातातही लोळायला लागली आहेत, आणि तिकडं हाकायला कुणी नाही, कारण हा इकडं बसलेला.

मुडली काढायच्या वेळी मी परत गेले. अर्धीअधिक जागा डुकरांनी संपवली होती. यंदा जोयड्याच्या बाजाराला मावशीकडं नेण्यासारखं फार नव्हतं. दिवस मावळायला आला होता, परशुराम माळ्यावर चढायच्या तयारीत होता. डोळे आत गेलेले, आवाज बसलेला. मला बघून तो वाट बदलेल असं वाटलं होतं. तो माझ्याकडंच आला.

"रेश्मा, रामनगरकडं कुठं वाघ दिसल्याचं ऐकलंस काय?"

अंगाची लाही झाली माझी. "दिसला तर तुला सांगू? औषध घालायला?"

"न्हाई गं बाय," तो म्हणाला. त्यानं हात जोडले, मला नाही, दरडीवरच्या त्या रिकाम्या कपारीला. "हिकडं यावा म्हणून इचारतो. दत्तप्रसादला बी रोज इचारतो. माझं एखादं वासरू न्हेलं तरी चालंल. दोन न्हेली तरी चालंल. पर येऊ दे."

दरडीकडून डुकरांचा हुंकार आला, आणि घराच्या पडवीतून मावशीचा आवाज आला, "ऐकू येत न्हाई काय रे? वाजीव!" परशुराम माळ्यावर चढला आणि डबा बडवायला लागला.